अंगणातलं टेनिस

टेनिस म्हटलं, की पांढरे कपडे, हिरवळ आणि क्लबचं बंद फाटक डोळ्यांसमोर येतं. त्या फाटकाबाहेरच्या मुलांसाठी पदरमोड करणाऱ्या काही माणसांची हकिकत आज मी सांगणार आहे. ती अमेरिकेतली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या अधिकृत टेनिस स्पर्धा कृष्णवर्णीयांना बंद होत्या. तेव्हा त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन ३० नोव्हेंबर १९१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘अमेरिकन टेनिस असोसिएशन’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महिला एकेरी जिंकली लूसी डिग्ज स्लो या शिक्षिकेनं. संस्थेचा भार वाहणारे बहुतेक जण डॉक्टर, शिक्षक असे नोकरी-व्यवसाय सांभाळून राबणारे लोक होते. हॉटेलं कृष्णवर्णीयांना खोली देत नसत. मग स्पर्धा त्यांच्याच कॉलेजांत भरवायच्या. तिथं कोर्टही मिळे आणि वसतिगृहात राहण्याची सोयही होई.

फाटक मात्र बंदच होतं. १९२९ मध्ये रेजिनल्ड वेअर आणि जेराल्ड नॉर्मन या दोन तरुणांना राष्ट्रीय ज्युनियर इनडोअर स्पर्धेत केवळ वर्णामुळे खेळू दिलं गेलं नाही.

हार्लेमच्या रस्त्यावर फळीसारख्या बॅटनं खेळणारी अल्थिया गिब्सन याच संस्थेच्या लोकांना सापडली. तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबच्या सभासदांनी वर्गणी काढून तिच्या शिक्षणाची सोय केली. पुढे १९४६ मध्ये डॉ. ह्यूबर्ट ईटन यांनी तिला आपल्या घरी शाळेसाठी ठेवून घेतलं. उन्हाळ्यात ती व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्याकडे राही. १९५० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार तिच्यासाठी उघडलं. १९५७ मध्ये तिनं विम्बल्डन जिंकलं.

या डॉ. जॉन्सन यांच्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. घरामागच्या अंगणात त्यांचं कोर्ट होतं. दर उन्हाळ्यात ठिकठिकाणची मुलं तिथं येत. खर्च बहुतांशी डॉक्टरांचा. बागेची आणि कोर्टाची निगा मुलांनी राखायची. त्यांचा एक नियम विलक्षण होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या दोन इंच बाहेर पडला, तरी तो आत धरायचा. वाद घालायचा नाही, रॅकेट आपटायची नाही. कृष्णवर्णीय मुलांना हाकलायला कुणाला निमित्तच मिळू नये, हा हेतू.

या नियमापाशी मी नेहमी थबकतो. अन्याय दुसऱ्यांचा आणि सौजन्याचा दंड दहा-बारा वर्षांच्या मुलांनी भरायचा, हे मनाला टोचतं. पण डॉक्टरांना ते कळत नव्हतं असं कसं म्हणावं? जग सुधारेपर्यंत थांबलं, तर ही मुलं म्हातारी होतील, एवढा साधा हिशेब त्यामागे असावा, असं मला वाटतं.

याच अंगणात रिचमंडचा आर्थर अ‍ॅश घडला. वडील सार्वजनिक मैदानाची देखभाल करणारे. अ‍ॅशनं १९६८ मध्ये यूएस ओपन आणि १९७५ मध्ये विम्बल्डन जिंकलं. १९६९ मध्येच त्यानं दोन सहकाऱ्यांसह ‘नॅशनल ज्युनियर टेनिस लीग’ सुरू केली. वस्तीतल्या मुलांना सार्वजनिक मैदानांवर टेनिस खेळायला मिळावं, हा तिचा उद्देश. आपल्याला मिळालं ते पुढे द्यायचं, ही शिकवणही तो त्याच अंगणातून घेऊन गेला असणार.

डॉ. जॉन्सन १९७१ मध्ये वारले. विम्बल्डनच्या विजेत्यांच्या यादीत त्यांचं नाव अर्थातच नाही. पण त्या यादीतली दोन नावं त्यांच्या अंगणातून गेली आहेत.