बाडांतील हृच्छूल व अर्जुनाची साल

यवतमाळ जिल्ह्यांतील वैद्यकीच्या एखाद्या बाडांत ‘हृच्छूल’ शब्द आढळतांच तो ‘अंजायना’ मानण्याची घाई संग्राहकांनीं करूं नये. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत हृच्छूल गुल्माच्या ४२ व्या अध्यायांत, तर हृद्रोग ४३ व्या अध्यायांत येतो. हृच्छूलांत श्वासरोध सांगितला आहे. परंतु चालतांना कळ उठावी व थांबतांच शमावी, हें लक्षण तेथें नाहीं. तें हेबर्डननें १७६८ सालीं लंडनांत मांडलें.

औषधाविषयींही तोच विवेक हवा. अकराव्या शतकांतील वंगदेशीय चक्रदत्तानें ककुभाच्या सालीचें चूर्ण तूप, दूध किंवा गुळाचें पाणी यांसह हृद्रोगावर सांगितलें आहे. ककुभ म्हणजे अर्जुनसादडा. हा वृक्ष वर्धा व पैनगंगा यांच्या काठीं आढळतो. म्हणून येथील बाडांतला योग स्थानिक अनुभवाचाच, असें ठरत नाहीं. अनुपानें व शब्द चक्रदत्ताशीं ताडून पाहावे. जुळल्यास ती नक्कल समजावी.

ब्रंटननें १८६७ सालीं अमिल नायट्राइट व मरेलनें १८७९ सालीं नायट्रोग्लिसरीन योजिलें. त्यांनीं रक्तवाहिन्या सैल होऊन कळ मिनिटांत उतरते. असा तात्काळ गुण चक्रदत्तानें अर्जुनास दिलेला नाहीं. सबब बाड इतिहासास प्रमाण. छातींत कळ उठलेल्या रुग्णास नव्हे.