गुप्तधन कोणाचे?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, गुप्तधनाची एखादी तरी गोष्ट कानावर पडतेच. पडक्या गढीच्या बुरुजाखाली मोहरांचा हंडा आहे. बालाघाटाच्या खोऱ्यात दरोडेखोरांनी लूट पुरून ठेवली आहे. अमावास्येच्या रात्री जमिनीखाली धन वाजते, त्याच्यावर भुजंग बसलेला आहे. गोष्ट गावकुसाच्या आत सांगितली जाते तशी बाहेरही सांगितली जाते. पण तीत एक माणूस नेहमी बिननावाचा राहतो. रात्री पहार आणि कुदळ घेऊन जो खड्डा खणतो, तो कोण? त्याला किती मिळाले? आपल्या इतिहासाने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही, म्हणून तो येथे विचारायचा आहे.

पहिली गोष्ट ही की धन पुरले जात होते, यात खोटे काही नाही. शतकानुशतके हा मुलूख एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला. निजामशाही बुडाली, मोगल आले, मराठे आले, निजाम आला. १८१८ साली बीड भागात धर्माजी प्रतापरावाने निजामाविरुद्ध बंड केले, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची फौज येथे येऊन गेली. संस्थानात रोहिले आणि अरब शिपाईगिरीही करीत आणि सावकारीही. वसुलीला आले की घर धुऊन नेत. रझाकारांच्या धुमाकुळात आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लोक जीव घेऊन पळाले. पेढी नाही, पोलिसाचा भरवसा नाही, अशा वेळी ज्याच्याकडे काही होते त्याने ते चुलीखाली, भिंतीत, शेताच्या बांधाला पुरले. पुरणारा मेला की धन बेवारस झाले आणि त्याची दंतकथा झाली.

पण ‘ज्याच्याकडे काही होते’ हे शब्द नीट वाचावेत. देशमुखाकडे होते, पाटलाकडे होते, सावकाराकडे होते. महारवाड्यात काय होते? गावचा वसूल डोक्यावर घेऊन सरकारी खजिन्यात पोचविणे हे महाराच्या कामांपैकी एक काम होते. दामाजीपंताच्या कथेत विठ्ठल बेदरच्या बादशहाकडे रक्कम भरायला जातो, तो विठू महाराचे रूप घेऊन. देवालाही ते रूप घ्यावे लागले, कारण पैसा वाहून नेणारा माणूस गावाने तोच नेमला होता. खजिना डोक्यावर आणि अंगावर लक्तरे, असा हा गावगाडा. पेवात उतरून धान्य काढणाऱ्याच्या ओटीत शेवटी बलुत्याचे चार दाणे पडत. पुरायला त्याच्याजवळ काही नव्हतेच.

हे आपोआप झाले नाही, याला शास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडलेल्या निधीचा कायदा आहे. विद्वान ब्राह्मणाला निधी सापडला तर त्याने तो सगळा घ्यावा, कारण तो सर्वांचा स्वामी. राजाला सापडला तर अर्धा ब्राह्मणांना द्यावा, अर्धा आपल्या कोशात ठेवावा. दहाव्या अध्यायात सांगितले आहे की समर्थ असला तरी शूद्राने धनसंचय करू नये. ज्या शूद्रालाही संचयाची मनाई, त्या व्यवस्थेत वर्णाबाहेर टाकलेल्याची गणती कुठे असणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या आगीत जे जळाले, त्यात हा निधीचा कायदाही होता.

याच्या शेजारी इंग्रजी अमलातला १८७८ चा निखात निधीचा कायदा ठेवून पाहावा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे. धनाचा मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडविणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. येथे जात विचारलेली नाही. कागदावर का होईना, कुदळ मारणाऱ्याचा वाटा मालकाच्या तिप्पट झाला. मग हे खोदकाम रात्री, चोरून का चालते? सरकार धन नेईल ही भीती हे एक कारण आहेच. खणणाऱ्याला त्याचा हक्क कळू नये, हेही दुसरे कारण नाही काय?

आता या गोष्टींचा सर्वांत काळा भाग. धन म्हणे बळी मागते. राखण करणारा मुंजा रक्त मागतो. पायाळू माणसाला जमिनीखालचे दिसते, म्हणून पायाळू पोर हवे. आणि बळी कोणाच्या घरातून निवडला जातो? ज्याच्या घरून पोलिसांत जायला कोणी धजणार नाही त्याच्या. बीडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात, मानवतला, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात एकामागून एक खून पडले. बळींत बहुतेक कोवळ्या मुली आणि बायका होत्या. मूल व्हावे आणि पिंपळाखालचे गुप्तधन मिळावे यासाठी मुंजाला रक्त द्यायचे होते, असे सरकार पक्षाचे म्हणणे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७७ मध्ये निकाल लागला. ज्यांच्यासाठी हे झाले असा आरोप होता ते सुटले. प्रत्यक्ष खून करणाऱ्यांपैकी काहींची फाशी कायम राहिली. न्यायालय पुराव्यावर चालते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते दिवस आठवावेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, माती उपसत होती. पोटासाठी जमीन खणणारी ही माणसे आणि हंड्यासाठी खणणारे ते लोक एकाच काळात, एकाच मुलखात होते.

मानवतच्या आरोपींत पारधी होते. त्यावरून सगळ्या जमातीकडे बोट दाखविणे सोपे होते, कारण ते आधीच दाखविलेले होते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला. ‘दरोडेखोरांची पुरलेली लूट’ ही दंतकथा याच शिक्क्याची भावंड आहे. जिने इतके लुटले म्हणतात, ती जमात पालावर उपाशी का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या निमित्ताने केलेली अमानुष कृत्ये एकाच कलमात गुन्हा ठरविली आहेत. धन आणि पाणी ही जोडी आपल्या मुलखाला बरोबर लागू पडते. पायाळू माणूस धन दाखवितो, तसा विहिरीचे पाणीही दाखवितो असे लोक मानतात. दुष्काळी प्रदेशात माणूस जमिनीखाली या दोनच गोष्टी शोधणार.

बीडच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यालगत, खजाना बावडी आहे. मूर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ साली, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. बांधणारा स्थापती राजा भास्कर. नावावरून कोणाला वाटेल येथे मोहरा पुरल्या आहेत. लोक सांगतात ते वेगळे: खजिन्यातला पैसा जहागीरदाराने विहिरीवर खर्च केला, म्हणून ती खजिन्याची विहीर. आत पाणी आणणारे आणि बाहेर शेतांकडे नेणारे भुयारी मार्ग आहेत. जिल्ह्यातला हा एक खजिना खरा निघाला, आणि तो पाण्याचा आहे.

ही भुयारे कोणाच्या हातांनी खणली? त्यांची नावे शिलालेखात कोरीत नाहीत. स्थापतीचे नाव राहिले, जहागीरदाराचे राहिले. खणणाऱ्यांच्या नातवंडांना पुढे गावच्या पाणवठ्याला हात लावायची बंदी झाली आणि चवदार तळ्यावर जावे लागले.

आपल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. गावात हंड्याची गोष्ट निघाली की तिला हसून सोडून देऊ नका. धन कोणाचे, जमीन कोणाची, कुदळ कोणाची आणि पोर कोणाचे, हे चार प्रश्न तिथल्या तिथे विचारा. गायरानावर राबणाऱ्याचे नाव सात-बारावर आहे की नाही, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि हंड्यासाठी कोणाचे पोर रात्री न्यायची कुजबुज कानावर आली, तर सकाळची वाट पाहू नका.