तक्त्याच्या वरच्या कडेची गोष्ट

अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला सॉल्टरचा काटा बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला असतो. गोल तबकडी, खाली आकडा, आकड्याला कापडी झोळी आणि झोळीत हातपाय झाडत रडणारे मूल. मूल रडते म्हणून काटा हलतो, काटा हलतो म्हणून ताईंना अंदाजाने आकडा लिहावा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही असे वजन घेताना दोन ठिकाणी बसलो होतो, एकदा भामरागड तालुक्यातल्या एका गावात आणि नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या वसाहतीजवळ. पहिल्या ठिकाणी प्रत्येक आकड्यानंतर ताई एकच प्रश्न विचारत होत्या, ‘कमी भरलं का?’ दुसऱ्या ठिकाणी एक चांगलाच गुटगुटीत मुलगा आला. हातात बिस्किटांचा पुडा, आईच्या चेहऱ्यावर कौतुक. ताईंनी ‘सर्वसाधारण’ अशी नोंद केली आणि पुढच्या मुलाला बोलावले. आम्ही त्या मुलाची उंची विचारली, तर नोंदवहीत उंचीचा रकानाच नव्हता.

ही चूक ताईंची नव्हती. त्यांच्यापुढे असलेल्या तक्त्याला खालची रेषा होती, वरची नव्हती. असे का झाले, हे समजण्यासाठी जरा मागे जावे लागेल.

मुलाची वाढ नियमितपणे मोजून ठेवण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न फ्रान्समधला. माँबेयार नावाच्या सरदाराने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची मोजली आणि निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती मोजमापे छापली. पुढे बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३०च्या दशकात वजन आणि उंचीचा वर्ग यांचा संबंध दाखवला. तोच आज आपण बीएमआय म्हणून ओळखतो. हे नाव मात्र १९७२ साली अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी रूढ केले. पण गरीब देशांतल्या बालकांपर्यंत जे तक्ते पोचले त्यांचा जन्म कुतूहलातून झाला नव्हता, तो झाला मृत्यूच्या धास्तीतून. मेक्सिकोतील डॉ. गोमेझ यांनी १९५६ साली कुपोषणाच्या श्रेणी मांडल्या, त्यांच्यासमोर रुग्णालयात दगावणारी मुले होती. नायजेरियातील इमेसी या खेड्यात काम करणाऱ्या डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी आईच्या हाती देता येईल असा वाढीचा तक्ता तयार केला. त्यावर दोन रेषा होत्या. वरची रेषा म्हणजे निरोगी मुलग्यांचे मध्यमान, खालची म्हणजे मुलींच्या वजनातील तिसरा शततमक. मध्यमान याचा अर्थ निम्मी निरोगी मुले त्या रेषेच्या वरच असणार! म्हणजे ती वरची रेषा हे छत नव्हतेच.

आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ साली जी वर्गवारी स्वीकारली, तिच्यात बोस्टनच्या मुलांच्या मध्यमानाशी तुलना होती. ८० टक्क्यांहून अधिक वजन असेल तर सर्वसाधारण, ७१ ते ८० पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि त्याखाली चौथी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि ही मापपट्टी अंगणवाडीत पोचली. आता विद्यार्थ्यांना विचारून पाहावे : या पट्टीवर १३० टक्के वजन असलेले मूल कोणत्या श्रेणीत बसेल? उत्तर आहे, ‘सर्वसाधारण’.

त्या काळात हे योग्यच होते, असे आमचे मत आहे. ज्या भागात मुले अशक्तपणाने दगावतात तिथे धोक्याची घंटा खालच्या बाजूलाच हवी. गडचिरोलीचेच पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. तिथे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांचे घरोघरी निरीक्षण सुरू केले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया झोपडीत जाऊन बाळाचे वजन करीत. १९९५-९६ मध्ये अशा रीतीने पाहिलेल्या बाळांपैकी सुमारे ४२ टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. घरच्या घरी देखभाल करून नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटवता येते, हे या कामातून निघालेले निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अशा जिल्ह्यात लठ्ठ बालकांविषयी बोलणे थट्टेसारखे वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते.

आमचे मत बदलले ते जुन्या नोंदवह्यांच्या दोन गोष्टींमुळे.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्य परिचारिका होत्या. त्यांच्या देखरेखीखाली १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून ठेवले जाई. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांतल्या पुरुषांचे पुढे काय झाले याचा माग काढला. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक कोणात होते? ज्यांचे पहिल्या वर्षाचे वजन सर्वांत कमी होते त्यांच्यात. हा निबंध १९८९ चा. १९९२ मध्ये बार्कर आणि हेल्स यांनी त्यावरून कल्पना मांडली, की गर्भात अन्न अपुरे पडले तर शरीर काटकसरीचा संसार मांडते. मेंदू वाचवते, स्नायू व स्वादुपिंड यांवरचा खर्च कमी करते आणि पुढे अन्न मुबलक मिळाले की हीच काटकसर अंगाशी येते.

दुसरी गोष्ट हॉलंडची. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नपुरवठा तोडला आणि पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेली मुले एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली, तेव्हा सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासण्यात आल्या. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार सोसलेल्या मातांच्या मुलांत लठ्ठपणा अधिक आढळला. शेवटच्या तिमाहीत आणि जन्मानंतर लगेच ती सोसलेल्यांत मात्र कमी. म्हणजे उपासमार केव्हा झाली यावर परिणाम अवलंबून होता.

मग महाराष्ट्रात काय दिसते? १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी ४२ किलो वजनाच्या या स्त्रिया. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथवर नवल नाही. परंतु बाळांच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली त्वचेची चिमूट धरून तिची जाडी मोजली तेव्हा चित्र पालटले. पोटाचा घेर आणि दंडाचा घेर इंग्रज बाळांपेक्षा फारच लहान होते, पण त्वचेखालच्या चरबीचा थर जवळजवळ राखला गेला होता. काटा म्हणतो बाळ कृश आहे, चिमूट म्हणते चरबी साठवून आहे. ‘कृश-स्थूल बाळ’ हे नाव २००३ साली जगभर गेले ते या खेड्यांतून.

याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावेत असे आहेत. ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. आणि ही मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले, की ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. केवळ उष्मांक मोजून पोषण ठरवणाऱ्या आमच्या पिढीला हा मोठाच धक्का होता. झाडीपट्टीतल्या बाईच्या ताटात पावसाळ्यात तरोटा, वास्ते, अंबाडी असे कितीतरी जंगलातले येते. त्याची किंमत शिधापत्रिकेवरच्या धान्याच्या किलोत मोजता येत नाही.

जन्मानंतरचा भाग दिल्लीच्या अभ्यासाने भरून काढला. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांची वजने-उंच्या वारंवार मोजलेल्या होत्या. सव्वीस ते बत्तीस वर्षांच्या वयात त्यांतल्या सुमारे दीड हजार जणांची साखर तपासली गेली. सर्वसाधारणपणे मुलाचा बीएमआय वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, मग मूल उंच व सडपातळ होत जाते आणि पाच-सहा वर्षांच्या आसपास तो पुन्हा चढू लागतो. ज्यांच्यात हा चढ लवकर सुरू झाला त्यांच्यात मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था जास्त आढळली. आणि गंमत म्हणजे बाराव्या वर्षी त्यांतले एकही मूल रूढ व्याख्येने लठ्ठ नव्हते! लहानपणी बारीक आणि नंतर झपाट्याने भरलेली ही मुले होती.

म्हणजे अशक्त मुलाला खाऊ घालू नये की काय? हा प्रश्न आम्हाला एका शिक्षकबाईंनी काहीशा रागानेच विचारला होता, आणि तो रास्त आहे. ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपाइन्स व दक्षिण आफ्रिका येथील पाच अभ्यासांचे एकत्रित उत्तर २०१३ मध्ये आले. पहिल्या दोन वर्षांतली वाढ, विशेषतः उंचीची, मुलाला शाळेत अधिक वर्षे टिकवते. त्यानंतर उंचीला सोडून नुसतेच वाढलेले वजन मात्र मोठेपणी जाच करते. खाऊ घालावेच, पण लवकर घालावे आणि हाडामांसाला लागेल असे घालावे.

तक्त्यांचीही एक चूक इथे सांगायला हवी. १९७७ पासून जगभर वापरलेल्या अमेरिकी तक्त्यातील तान्ह्या बाळांची मापे ओहायोतल्या एका लहानशा भागातली आणि बहुतेक बाटलीवर वाढलेल्या मुलांची होती. अशी बाळे तीन-चार महिन्यांनंतर जास्त वजन धरतात. त्यांच्याशी तुलना केल्यावर अंगावर पिणारे निरोगी बाळही मागे पडल्यासारखे दिसे आणि आईला वरच्या दुधाचा सल्ला मिळे. लठ्ठपणाशी संबंधित कारणांत बाटलीचे दूध आज गणले जाते. त्या बाटलीकडे बोट दाखवण्यात काही वाटा तक्त्याचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील, त्यांत दिल्लीचीही, स्तनपानावर वाढलेली मुले मोजून २००६ मध्ये नवा तक्ता आणला. भारतातील अंगणवाड्यांत तो २००८ नंतर आला. यात पाच वर्षांखालील मुलांसाठी स्पष्ट छत आहे. उंचीच्या मानाने वजन मध्यमानापेक्षा दोन प्रमाण-विचलनांहून अधिक असेल तर अतिवजन, तिनांहून अधिक असेल तर लठ्ठपणा.

फरक किती पडतो ते उदाहरणाने पाहू. समजा, चार वर्षांचा मुलगा आहे. वजन साडेपंधरा किलो, उंची ८८ सेंटिमीटर. वयाच्या मानाने वजनाचे मध्यमान सुमारे १६.३ किलो, म्हणजे मुलगा छान. पण त्या वयाला उंचीचे मध्यमान १०३ सेंटिमीटर आहे आणि ९०.७ च्या खाली तीव्र खुरटेपणा धरतात. म्हणजे मुलगा खुरटलेला. आणि ८८ सेंटिमीटर उंचीला १४.७ किलोच्या पुढे अतिवजन सुरू होते. एकच मूल एकाच वेळी सर्वसाधारण, कुपोषित आणि अतिवजनाचे! खाणीजवळच्या त्या मुलाची उंची आम्हाला कधीच कळली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. त्याच पाहणीत खुरटलेली मुले ३५.२ टक्के होती. चार टक्के हा आकडा लहानच, पण तो दुपटीहून वाढला आणि खुरटेपणा मात्र जागच्या जागी राहिला. कारणांची यादी आता बरीच ठरलेली आहे : आईचे वजन, गरोदरपणातला मधुमेह, बाटली, अपुरी झोप, पडद्यासमोर बसून खाणे, गोड पेये आणि पुड्यातले खाद्य. यांपैकी शेवटचे कारण तर वीज आणि नळाच्याही आधी जंगलातल्या गावी पोचते. पाच रुपयांच्या पुड्यांची माळ नसलेले किराणा दुकान आम्हाला तरी अलीकडे दिसलेले नाही.

जंगल-नदीवर जगणाऱ्या समाजाच्या ताटात अचानक पीठ, साखर आणि चरबी आली तर काय होते, हे अमेरिकेतील ॲरिझोनाच्या पिमा लोकांनी दाखवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिला नदीचे पाणी वरच्या भागातील वसाहतवाल्यांनी वळवले, शेती सुकली आणि सरकारी शिध्यावर जगणे आले. विसाव्या शतकात मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वांत अधिक त्यांच्यात नोंदले गेले. त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात शेती करीत राहिले, त्यांच्यात ते कितीतरी कमी आहे. दोष रक्तात शोधणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. ॲरिझोनातच असेही दिसले, की मधुमेही मातेच्या पोटी वाढलेली मुले पुढे अधिक स्थूल होतात. एक पिढी दुसरीला ते देते.

गडचिरोलीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ८६ गावांतील मृत्यूंपैकी सातातील एक पक्षाघाताने झालेला आढळला. ती माणसे जन्मली तेव्हा त्यांना कुणी झोळीत घालून तोलले नव्हते, त्यामुळे त्यांच्या बालपणाविषयी आपल्या हाती काहीच नाही. १९९५-९६ च्या त्या बाळांची वजने मात्र लिहिलेली आहेत. ती आता तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची मुले आज अंगणवाडीत जातात. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यापासून अंगणवाड्यांना उंची मोजण्याची साधने मिळू लागली आहेत, आणि नोंदीत आता उंचीचाही रकाना आहे.