सोंग कोणाचं, अक्कल कोणाची?

सोलापूरच्या रामजोशींनी पंढरपुरात विद्या केली, ही गोष्ट आम्ही पंढरपूरकरांनी खरं तर जरा जास्त मिरवायला हवी. रामजोशी (१७५८-१८१२) ब्राह्मणाघरचे, पण पाय सारखे तमाशाच्या फडाकडे वळायचे. थोरल्या भावाने घराबाहेर काढलं, तेव्हा ते पंढरपुरात आले आणि बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृत शिकले. पुढे पुराणं सांगितली, कीर्तनं केली, आणि लावण्या अशा रचल्या की आज नाव राहिलंय ते लावणीमुळेच.

हे सगळं आठवायचं कारण मात्र वेगळंच आहे. भाचेमंडळींचा एक खेळ.

पण आधी फड. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात तुरेवाले शिवाचा मोठेपणा गाणार, कलगीवाले शक्तीचा. एकाने पुराणातला कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे, डफावर, वृत्तात जवाब द्यायचा. इथे 'मी हुशार शाहिराचं सोंग घेतलंय' असं म्हणून भागत नाही. जवाब आला तर आला, नाही तर समोरचा गावभर नाचवणार! पंढरपुरातली ती संस्कृताची वर्षं रामजोशींना अशा वेळी किती कामी आली असतील, याचा अंदाज कोणीही करावा.

आता १९४७ सालचा राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' बघा. (आमच्या वडीलधाऱ्यांना हा सिनेमा अजून तोंडपाठ आहे.) पडद्यावर जयराम शिलेदार तसेच हजरजबाबी दिसतात, पण संवाद गदिमांनी आधीच लिहून ठेवलेले. हजरजबाबीपणा पात्राचा, नटाला तो असायची गरज नाही. गळा मात्र शिलेदारांचा स्वतःचा, तो काही गदिमा लिहून देऊ शकत नव्हते! म्हणजे एकाच सोंगात काही गोष्टी नटाच्या, काही पात्राच्या. ही वाटणी कुठे करायची, यावरच भाचेमंडळींचं भांडण चाललं होतं.

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं (योद्धा, मांत्रिक वगैरे), आणि एकाने सूत्रधार होऊन गोष्ट पुढे न्यायची. पात्राचं बळ, बुद्धी, छाप पाडण्याची ताकद असे सहा गुण फासे टाकून ठरतात. सुरुवातीच्या नियमांत कौशल्यांची यादी अशी नव्हतीच. खोलीत सापळा असेल तर तो खेळणाऱ्याने शोधायचा: 'मी काठीने फरशी ठोकून बघतो', 'कोनाड्यात हात न घालता आधी दिवा धरतो'. डोकं तुमचं, जीव पात्राचा. मग १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोराचं पात्र आलं आणि कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं हे टक्क्यांत मोजलं जाऊ लागलं. फासा टाका, जमलं की नाही ते कळेल. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर गोड बोलून समोरच्याला वळवणं हेसुद्धा एक कौशल्य झालं, आकड्यासकट. जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही. २००८ साली मॅथ्यू फिंच यांनी जुन्या पद्धतीची एक छोटी पुस्तिकाच लिहिली. कौशल्य खेळाडूचं हवं, पात्राच्या कागदावरचं नको, हा तिचा एक मुख्य मुद्दा.

माझा पहिला कल अर्थातच फिंचसाहेबांकडे. आपली सगळी परंपराच ती! कोकणातल्या दशावतारात संहिता नसते. रंग लावता लावता कथानक ठरतं आणि रावणाने काय बोलायचं ते रावण रंगमंचावर गेल्यावर ठरवतो. वगातला सोंगाड्याही तसाच. सोंग कधीच घेणाऱ्यापेक्षा हुशार होऊ शकत नाही. म्हणून तर त्या टाळ्या खऱ्या असतात.

अडचण अशी की माझा एक भाचा बोलताना अडखळतो. लहानपणापासून. उन्हाळ्याच्या सुटीत सगळी पोरं पंढरपुरात बहिणीच्या घरी जमली आणि याने सोंग घेतलं ते भाटाचं, म्हणजे बोलण्यात सगळ्यांत पटाईत पात्राचं. वेशीवरच्या पहारेकऱ्याला पटवायची वेळ आली तेव्हा बाकीचे म्हणाले, 'बोल की मग! नुसता फासा काय टाकतोस?' तो गप्प. ताकदवान योद्ध्याचं सोंग घेतलेल्या काडीपैलवानाला मात्र कोणी म्हणालं नव्हतं की आधी हा पाटा उचलून दाखव.

तिथे मला फड वेगळा दिसायला लागला. शाहीर एकटा कधी असतो? मागे झीलकरी असतात, ते झील धरतात, ओळ लांबवतात. तेवढ्यात शाहिराला पुढची ओळ जुळवायला उसंत मिळत असणार, असं मला तरी वाटतं. शिलेदारांच्या मागे गदिमा होते. मग या पोराच्या मागे एक फासा असला तर बिघडलं कुठे? शिवाय फडाच्या नियमाने शाहिरी करायची तर रामजोशींसारखी जीभच हवी. बाकीच्यांनी जन्मभर टाळ्याच वाजवायच्या का?

पण सगळंच फाशावर सोडलं तर खेळ सापशिडी होतो, हेही खरं. सापशिडीत वर जाणाऱ्याचं कौतुक कोणी करत नाही.

सूत्रधार होती माझी थोरली भाची. तिने वाद ऐकला आणि म्हणाली, 'दादा, पहारेकऱ्याला काय सांगायचंय ते मला सांग. हळू सांग, नाही तर लिहून दे. मुद्दा तुझा. तो कसा बोलला गेला ते फासा ठरवेल.' त्याने वहीचं पान फाडलं आणि बराच वेळ लिहीत बसला. भाचीने वाचलं. 'आम्ही वारकरी आहोत, उद्या एकादशी आहे, आणि तुझी आईही याच वाटेने गेली आहे.' मुद्दा इतका चांगला आहे म्हणून फाशात दोन जास्त धरीन, असं तिने जाहीर केलं. (राक्षसांच्या देशात एकादशी कशी, हे कोणी विचारलं नाही.)

फासा पडला तीन. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. भाचा हसला, म्हणाला, 'द... दुसरं पान दे.'