काम असणाऱ्यांचा कर आणि काम मागणाऱ्यांचा हक्क

महाराष्ट्रातील नोकरदार माणसाच्या पगारपत्रकात दर फेब्रुवारीत एक लहानशी गोष्ट घडते, आणि बहुतेकांच्या ती ध्यानातही येत नाही. वर्षाचे अकरा महिने व्यवसाय कर म्हणून 200 रुपये कापले जातात. फेब्रुवारीत मात्र 300. कचेरीतील हिशेबनीसास कारण विचारले तर तो गणित सांगेल: अकरा महिन्यांचे 2,200 आणि फेब्रुवारीचे 300, मिळून 2,500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाकाठी 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, म्हणून हा मेळ. पण हा कर मुळात बसला कशासाठी, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर दुष्काळात आहे, बेकारीत आहे, आणि काही अंशी आपल्या या पुण्यातही आहे. आज त्या उत्तराचाच मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडे परदेशाकडे पाहू. इंग्लंडात 1911 साली बेकारीच्या विम्याचा कायदा झाला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी वर्गणी भरायची, आणि काम गेल्यास कामगाराला ठराविक भत्ता मिळायचा. अमेरिकेत ही व्यवस्था 1935 च्या कायद्याने आली. पुढे दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहिला: बेकाराला मिळणारा हा भत्ता म्हणजे उत्पन्न समजायचे काय, आणि समजले तर त्यावर प्राप्तिकर घ्यायचा काय? अमेरिकेत कित्येक वर्षे तो करमुक्त होता; 1979 पासून अंशतः आणि 1987 पासून संपूर्णपणे तो करपात्र झाला. इंग्लंडात 1982 साली त्यावर कर बसला. कर बसविणाऱ्यांचे म्हणणे असे की, भत्ता हा वेतनाच्या जागी मिळतो, आणि वेतनावर कर आहे, तर भत्त्यावर का नसावा? विरोधकांचे म्हणणे असे की, एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, हा कसला न्याय? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु त्या वादाच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, बेकाराच्या हाती भत्ता पडतो. आपल्याकडे या प्रश्नाचा क्रमच उलटा होता. आपल्या सरकारने आधी कर घेतला, दुष्काळाचे नाव सांगून घेतला, आणि बेकाराच्या हाती काय पडले याचा हिशेब लोकांना मागावा लागला.

हिंदुस्थानात प्राप्तिकर आला तो 1860 साली. 1857 च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी विलायतेहून आलेले अर्थमंत्री जेम्स विल्सन यांनी हा कर बसविला. वर्षाला 200 ते 500 रुपये मिळविणाऱ्यास शेकडा 2 आणि त्यावरील उत्पन्नास शेकडा 4, असा त्याचा दर होता. विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यास वारले आणि त्यांचा कर 1865 साली उठला. पुढे कधी परवाना कर, कधी दाखल्याचा कर, कधी पुन्हा प्राप्तिकर, अशी धरसोड 1873 पर्यंत चालली.

नंतर 1876 चा दुष्काळ आला. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, सातारा आणि आपला पुणे जिल्हा यांतील खेडीच्या खेडी सरकारी कामांवर खडी फोडू लागली. 1877 च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुरी उतरविली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या शेराहूनही किंचित कमी, हे तिचे मोजमाप. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, असा तो हिशेब होता. मुंबई इलाख्यात हजारो मजूर याच्या निषेधार्थ कामे सोडून निघून गेले. या काळात पुण्याची सार्वजनिक सभा स्वस्थ बसली नाही. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळविली आणि सरकारला पत्रांमागून पत्रे धाडली. ज्या रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेच रानडे दोन वर्षांनी दुष्काळी मजुराच्या शेरभर धान्याचा प्रश्न घेऊन बसले होते. व्याख्यान आणि धान्य या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटत नव्हत्या.

या दुष्काळातून सरकारने एक धडा घेतला. दरवर्षी दीड कोट रुपये दुष्काळासाठी राखून ठेवावेत असे ठरले, आणि त्यासाठी 1878 साली व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसला. लहानसहान दुकानदारही त्याच्या कक्षेत आले. मोठे पगार घेणारे अधिकारी मात्र बाहेर राहिले. सुरतेस त्याच वर्षी या करावरून दंगल उसळली. लोकांना कर जाचला हे खरे, पण त्याहून अधिक जाचली ती पुढची गोष्ट. अफगाणिस्तानातील युद्धाचा खर्च वाढताच दुष्काळासाठी राखून ठेवण्याचा तो संकल्प सरकारने बाजूस सारला. उपाशी माणसाचे नाव सांगून पैसा घेतला आणि तो तोफांकडे वळविला, हा आक्षेप आपल्या पुढाऱ्यांनी नंतर कित्येक वर्षे घेतला. कराचा तिटकारा लोकांस असतोच. परंतु ज्या नावाने कर घेतला त्या नावाशी बेइमानी झाली की तिटकाऱ्याचा अविश्वास होतो, आणि अविश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

1886 साली परवाना कर जाऊन स्थायी प्राप्तिकर आला. पगारदार त्यात आले, शेतीचे उत्पन्न वगळले गेले, आणि 500 रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त राहिले. ही मर्यादा वाढवावी असे 1902 साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात आग्रहाने मांडणारे गृहस्थ आपल्या फर्ग्युसन कॉलेजातील माजी अध्यापक होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे ते अंदाजपत्रकावरील पहिले भाषण. पुढच्याच वर्षी ही मर्यादा 1,000 रुपये झाली आणि मिठावरील करही उतरला. करदात्यातील लहान माणसाचा कैवार घेण्याची परंपरा पुण्याला नवी नाही, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर बेकाराच्या हाती पडणाऱ्या पैशाचा प्रश्न आपल्याकडे प्रथम कारखान्यांतून आला. 1953 साली औद्योगिक विवादाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामावरून कमी केलेल्या कामगारास प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन देणे मालकावर बंधनकारक झाले. पुढे प्राप्तिकराच्या कायद्याने या भरपाईला सूट दिली. ही सूट 5 लाख रुपयांच्या मर्यादेपर्यंत वाढत गेली. म्हणजे विलायतेत वादाचा ठरलेला प्रश्न आपल्याकडे कामगाराच्या बाजूने सुटला. परंतु ही भरपाई मिळते कोणाला? ज्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि ज्याला रीतसर कमी केले आहे, त्याला. 1982 च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. अशा माणसाला करमाफीचे कलम वाचून दाखविणे ही थट्टाच ठरेल. आणि शेतमजुराचे नाव तर कोणत्याच पटावर नव्हते.

त्या शेतमजुराचा विचार एका गृहस्थाने केला. विठ्ठल सखाराम पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे. इकडे आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ हे दारिद्र्याचा हिशेब मांडीत होते. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा मथितार्थ असा की, गरिबाला सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार द्या आणि त्याचा खर्च सुस्थितीतल्या लोकांकडून घ्या. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ कोसळला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. तळी, बंडिंग, रस्ते, पाझर तलाव. त्या पिढीने खोदलेली माती आजही आपल्या गावांभोवती दिसते.

यानंतर जे झाले त्याला आम्ही महाराष्ट्राच्या करविषयक इतिहासातील सर्वांत उजळ पान समजतो. रोजगार हमी योजनेला पैसा पाहिजे, तर तो काम असणाऱ्यांनी द्यावा असे ठरले. 1 एप्रिल 1975 पासून व्यवसाय कर सुरू झाला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सारे त्यात आले. बागायती जमिनीवर, मोटारींवर, विक्रीवर आणि शहरांतील बिगर-निवासी इमारतींवरही या नावाने कर बसला. पुण्यातल्या दुकानदाराने आपले मिळकत कराचे बिल एकवार उलगडून पाहावे. रोजगार हमीचे नाव त्यात सापडेल. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या पदरची घालावी, अशीही तरतूद झाली. 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम मिळाले नाही, तर दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता, हेही त्यात लिहिले होते. रुपया लहान होता. पण त्यामागील तत्त्व असे होते की, काम न देणे हा सरकारचा दोष आहे, मागणाऱ्याचा नव्हे. टेंपलसाहेबांच्या एका पौंडापासून या एका रुपयापर्यंत आपण शंभर वर्षांत आलो. पुढे 2005 साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यापुढे महाराष्ट्राचा हाच कित्ता होता.

इतके सांगून थांबलो असतो, तर श्रोत्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे असा हा विषय झाला असता. परंतु तीन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही. पहिली अशी की, 1990 नंतर करांचे उत्पन्न वाढत गेले, कामावरील हजेरी घटत गेली, आणि निधीत पैसा साचत राहिला. खेड्यांत गरज उरली नव्हती, असे कोणी म्हणेल काय? 1878 ची आठवण ज्यांना आहे त्यांनी अशा वेळी हिशेब मागितला पाहिजे. दुसरी अशी की, 1977 च्या कायद्यातील हमी ग्रामीण भागापुरती होती. पुण्या-मुंबईचा कारखान्यातला माणूस वर्षानुवर्षे हा कर भरतो, आणि स्वतःचे काम गेले म्हणजे त्याला कळते की ज्या छपरासाठी आपण वासे दिले, त्याखाली आपल्याला जागा नाही. तिसरी गोष्ट बारीक आहे, पण बोलकी आहे. पगारदाराने भरलेला व्यवसाय कर प्राप्तिकर मोजताना उत्पन्नातून वजा होत असे. जो पैसा हाती आलाच नाही त्यावर कर कसा घ्यायचा, हा त्यामागील सरळ न्याय. 2020 साली आलेल्या नव्या कररचनेत ही वजावट ठेवलेली नाही. रक्कम क्षुल्लक आहे हे आम्ही मान्य करतो. तथापि बेकारासाठी दिलेल्या पैशालाही आता आपले उत्पन्न म्हणावयाचे, हा अर्थ क्षुल्लक नाही.

कर ही कोणाला आवडणारी वस्तू नव्हे. पण आपले 200 रुपये कोणाच्या नावाने कापले जातात हे माहीत असलेला नागरिक आणि ते माहीत नसलेला नागरिक यांत अंतर आहे. पहिला हिशेब मागू शकतो. दुसरा केवळ कुरकुर करतो. सार्वजनिक सभेने दुष्काळात सरकारला पत्रे लिहिली, कारण तिला आकडे ठाऊक होते. येत्या फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतील, तेव्हा आपण प्रत्येकाने तासगावच्या त्या मजुराची आठवण करावी आणि त्याच्या वाट्याचे त्याला पोचले काय, एवढे विचारावे. विचारणारे पुष्कळ झाले म्हणजे उत्तर द्यावेच लागते, असा या शहराचा अनुभव आहे.