इंदूरचे खत

महाराष्ट्राच्या देशावरील आणि माळव्यातील काळ्या जमिनीचा कस शतकानुशतके टिकला तो केवळ निसर्गाच्या औदार्याने टिकला, असे मानण्याची आपल्याकडे सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. परंतु त्या कसामागे गावोगावच्या कुणबिणींनी रोज पहाटे गोठ्यातून पाटीभर शेण व केरकचरा उकिरड्यावर नेऊन टाकण्याचे श्रम होते, सुगीनंतर धनगराला धान्य देऊन रानात मेंढ्या बसविण्याचा करार होता, आणि ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणातील राखमिश्रित पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेण्याचा प्रघातही होता. जमिनीतून जे घेतले त्याचा काही अंश तिला परत पोहोचविण्याची ही व्यवस्था कोणत्याही कायद्याने घालून दिलेली नव्हती, आणि म्हणूनच ती मोडली तेव्हा तिची दाद कोणत्याही कचेरीत लागली नाही.

ती मोडण्याचे प्रमुख कारण सरपण होते. जंगलखात्याने राने राखीव केल्यावर सरपणाची वाट अरुंद झाली आणि शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या. महात्मा फुले यांनी 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हा विषय विलक्षण स्पष्टपणे मांडला आहे: डोंगरावरील पालापाचोळा, मेलेले किडेमकोडे व जनावरांचे मलमूत्र पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन पूर्वी शेते पोसत असे, तो पुरवठा तुटला, म्हणून डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून ते पाणी शेतात मुरवावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे दहा वर्षांनी, 1893 साली, सरकारनेच विलायतेतून पाचारण केलेल्या डॉ. व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातही, हिंदी शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानाने नव्हे, तर लाकूड मिळत नाही म्हणून जाळतो, हेच निदान होते. पुण्यातील लोकनेत्याने जे आधी सांगितले ते सरकारी अहवालात आल्यावरच मान्यता पावावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

या पेचातून व्यवहार्य वाट काढण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न इंदूर येथे झाला. 1905 पासून पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी, होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर, मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या आणि कापूस समितीच्या साहाय्याने 1924 साली एक संशोधनसंस्था उभी केली. तेथील रसायनविभागात त्यांचे प्रमुख साहाय्यक होते यशवंत वाड. पृथक्करणाचे किचकट काम या विभागाकडे होते, आणि 1931 साली ऑक्सफर्डहून तेथे सिद्ध झालेल्या खत कुजविण्याच्या पद्धतीवरचा पहिला ग्रंथ निघाला तो हॉवर्ड व वाड या दोघांच्या नावाने.

पद्धत अशी होती. कपाशीच्या पऱ्हाट्यांसारखे कठीण जिन्नस प्रथम शिवारातील रस्त्यावर पसरीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ते चेचले जात. मग गवत, तण व पाचोळा यांच्याबरोबर त्यांचे अंथरूण बैलांखाली घालीत. गोठ्याची जमीन फरशीची न ठेवता मुद्दाम मातीची ठेवलेली असे, आणि गोमूत्राने भिजलेली ती माती वेळोवेळी खणून काढून तिच्या जागी नवी भरीत, कारण खेड्यात वाया जाणारे मूत्र हेच नत्राचे मोठे भांडार होय, हे त्यांनी ओळखले होते. सकाळी ते अंथरूण 30 फूट लांब व 14 फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात पातळ थरांनी पसरून, त्यावर मूत्रमाती व लाकडाची राख भुरभुरीत, आणि शेण व जुने खत पाण्यात कालवून केलेला काला विरजणासारखा शिंपडीत. ढीग तापे, त्यावर बुरशीची पांढुरकी जाळी धरे, आणि साधारण तीन महिन्यांत तीन वेळा खालीवर केल्यावर पऱ्हाटीचा मागमूस न उरता काळसर, भुसभुशीत खत हाती येई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचू नये म्हणून हेच ढीग जमिनीवर रचीत.

यातील शास्त्रीय मर्म कर्ब व नत्र यांच्या प्रमाणात होते: प्रारंभी सुमारे 33 भाग कर्बास 1 भाग नत्र असे मिश्रण जमले, म्हणजे जीवाणूंना भरपूर अन्न मिळून नत्र हवेत उडून जात नसे, आणि अखेरीस ते प्रमाण 10 भागांस 1 वर येई. परंतु मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट ही की, या कामी शेण थोडेच लागे, म्हणून उरलेले चुलीसाठी ठेवता येई. गरीब घरातील चूल विझवून शेत सुपीक करा, असा निष्ठुर उपदेश या पद्धतीने केला नाही. कुजविण्याची ही कला हॉवर्ड यांना केवळ प्रयोगशाळेत गवसलेली नव्हती. चीनमधील शेतीवरील किंग यांचा 1911 सालचा ग्रंथ आणि हिंदी कुणब्याची रीत, या दोहोंचे ऋण त्यांनी मनमोकळेपणाने मानले आहे.

1931 साली हॉवर्ड मायदेशी परतले, आणि ही पद्धत आफ्रिकेतील कॉफीच्या व सिंहलद्वीपातील चहाच्या मळ्यांत झपाट्याने पसरली, कारण तेथे मजूर व भांडवल मळेवाल्याच्या हुकमतीत होते. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याची गोष्ट निराळी: प्यायच्या पाण्याची वानवा असता ढिगावर पाणी कोणी शिंपावे, आणि खत तीनदा परतण्यास घरात माणसे कोठून आणावी? ही अडचण ओळखून डॉ. आचार्य यांनी 1939 साली बंगळूरला, चर भरून वरून माती लिंपावयाची व न परतता कुजू द्यावयाची, अशी दुसरी रीत सिद्ध केली; शहरांतील केर व मैला यांचे खत करण्यासाठी पुढे नगरपालिकांनी तीच पत्करली. तिला वेळ अधिक लागतो, पण श्रम व पाणी फार वाचते. ज्या संस्थेत मूळ प्रयोग झाले तिचे पुढे कृषिमहाविद्यालयात रूपांतर झाले. पद्धतीला नाव इंदूरचे मिळाले आणि जगभर कीर्ती हॉवर्ड यांची झाली. यशवंत वाड यांचे चरित्र मराठीत साक्षेपाने लिहिले जावे, एवढा त्यांचा अधिकार निश्चित आहे.