स्ट्रेप्टोच्या पुडीची कुळकथा

इंदापूर-बारामतीकडे डाळिंबावर तेल्याचा डाग दिसला की कृषी सेवा केंद्रातून स्ट्रेप्टोची पुडी येते. जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड घेऊन पंप भरला जातो. तेल्या पडलेले, तडकलेले फळ जळोचीच्या उपबाजारात नेले तर वाहतुकीचा खर्च निघणेही अवघड, म्हणून बागायतदाराची घाई समजण्यासारखी आहे. मात्र या पुडीचे कूळ शेतीतले नाही. ती दवाखान्यातून बागेत आली आहे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयरोगावरचे हे पहिले परिणामकारक प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. त्याच दशकात अमेरिकेतले बागायतदार सफरचंद आणि नासपतीवरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी हे औषध फवारू लागले. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत सरकारी ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ उभी राहिली. माणसांसाठी पेनिसिलिन बनवणाऱ्या या कारखान्याने पिकांसाठी स्ट्रेप्टोसायक्लीनही, म्हणजे आपली स्ट्रेप्टोची पुडी, बाजारात आणले. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन. दोन्ही औषधे माणसाचीच.

तेल्या हा बुरशीचा रोग नाही. तो झॅन्थोमोनास कुळातल्या जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. पुढे कर्नाटकातून आणि २००० नंतर महाराष्ट्रातून त्याने बागाच्या बागा झोपवल्या. रोग जिवाणूचा, म्हणून औषध जिवाणूनाशक, हा हिशेब सरळ होता. त्या हिशेबात न धरलेली गोष्ट तोवर जपानमध्ये उघड झाली होती.

महायुद्धानंतरच्या जपानमध्ये रक्ती आव पसरली होती. आधी सल्फाच्या गोळ्या निकामी झाल्या. मग १९५५ च्या सुमारास काही रुग्णांत या आवेचे असे शिगेला जिवाणू सापडले, की त्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लीन यांतले काहीच चालेना. चार औषधांविरुद्ध चार वेगवेगळे बदल एकाच जिवाणूत योगायोगाने घडणे जवळजवळ अशक्य. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवून दिले, की आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायला शिगेलाजवळ वाढवले तर ही चौपदरी ताकद एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जाते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सारे इंग्रजीत मांडले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

ही देवघेव होते प्लाझ्मिडमधून. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये हे नाव दिले. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर असलेला डीएनएचा छोटा, बहुधा गोल तुकडा. गुणसूत्र ही वाडवडिलांची जमीन मानली, तर प्लाझ्मिड हे बांधावरून शेजाऱ्याला दिलेले बियाणे. फरक इतकाच, की देणाऱ्याकडचे कमी होत नाही. शेजारी सख्खा असावा लागत नाही, दुसऱ्या जातीचा असला तरी चालते.

ही वाट किती जुनी? लंडनच्या नाओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी प्रतिजैविके येण्याआधीच्या काळापासून जपून ठेवलेले जिवाणू तपासले. १९८३ मध्ये त्यांनी दाखवले, की त्यांच्यातही प्लाझ्मिड होते, पण औषधांना दाद न देणारी जनुके जवळजवळ नव्हती. म्हणजे वाहन जुनेच होते. त्यात हा माल भरला गेला आपण औषधे वापरू लागल्यावर.

या वाहनातून रोग घडवण्याची ताकदही जाते. कागदी लिंबावरचा खैऱ्या तेल्याच्याच झॅन्थोमोनास कुळातला. लिंबाच्या पानावर खरबरीत फोड उठवणारी त्याची मुख्य जनुके प्लाझ्मिडवर असतात. मेंढरांना होणाऱ्या फाशीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या, जिवाणूत असे दोन प्लाझ्मिड आहेत: एकावर विष, दुसऱ्यावर शरीराच्या पहाऱ्यातून निसटण्याचे कवच. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांना कवच हरवलेला वाण मिळाला. तो रोग घडवू शकत नव्हता, पण प्रतिकारशक्ती जागी करत होता. जनावरांना आजही दिली जाणारी फाशीची लस त्याच वाणाची. एक प्लाझ्मिड गेला आणि जीवघेण्या जिवाणूची लस झाली.

आता परत बागेत येऊ. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९९० च्या सुमारास सफरचंदाच्या करप्याचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेना. त्याच्या प्लाझ्मिडवर औषध निकामी करणाऱ्या जनुकांची एक जोडी सापडली. मिरची-टोमॅटोवर ठिपके पाडणाऱ्या झॅन्थोमोनासमध्येही तीच जोडी मिळाली. आणि माणसाच्या आतड्यात रोग घडवणाऱ्या जिवाणूंच्या प्लाझ्मिडवर ती आधीपासून ओळखीची होती. बाग, गोठा आणि दवाखाना ही आपण केलेली विभागणी; जनुकांना ती लागू नाही.

फवारणीत औषध फक्त तेल्याच्या जिवाणूवर पडत नाही. पान, फांदी आणि मातीतल्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंवरही पडते. त्यांच्यातले कमकुवत मरतात, दाद न देणारे उरतात आणि त्यांचे प्लाझ्मिड वाटपासाठी मोकळे होतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीनचे हे मिश्रण शेतीत बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, त्यामागे हेच कारण होते. २०२४ पासून वापर पूर्ण थांबवावा, असे त्यात म्हटले होते.

तेल्या आवरण्याचे मुख्य काम पुडीचे नाहीच. निरोगी रोपे, बहारानंतर झाडाला पुरेशी विश्रांती, रोगट फांद्या-फळे काढून जाळणे, प्रत्येक झाडानंतर सिकेटर निर्जंतुक करणे, छाटणीनंतर बोर्डो मिश्रण आणि पावसाळ्यातल्या मृग बहाराबाबत सावधपणा, यांवरच बाग टिकते. हे कष्टाचे आहे, पण ते दरवर्षी तितकेच लागू पडते. स्ट्रेप्टोची प्रत्येक फवारणी मात्र पुढच्या फवारणीचा गुण कमी करू शकते, आणि तिची किंमत उद्या घरातल्याच आजारी माणसाला मोजावी लागू शकते.